मॅझिनीचा देश आणि आर्तूसीची चूल

२०२५ सालच्या डिसेंबर महिन्यांत दिल्लीच्या लाल किल्ल्यांत युनेस्को ह्या जागतिक संस्थेच्या एका समितीची बैठक भरली होती. निरनिराळ्या देशांतील ज्या चालीरीती, कला व सण जतन करण्यासारखे आहेत त्यांची एक यादी ही समिति राखते. त्या बैठकींत आपल्या दिवाळीचें नांव ह्या यादींत दाखल झालें, आणि ती वार्ता आपल्याकडे घरोघर कौतुकानें वाचली गेली. परंतु त्याच बैठकींत आणखी एक नांव दाखल झालें, त्याकडे मात्र आपलें फारसें लक्ष गेलें नाहीं. तें होतें इटालियन स्वयंपाकाचें. एखाद्या पदार्थाचें किंवा एखाद्या सणाच्या जेवणाचें नव्हे, तर संबंध स्वयंपाकाचें. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्या कारागिरांची कला २०१७ सालींच त्या यादींत गेली होती. आतां त्यांच्यामागून सारें स्वयंपाकघरच आंत गेलें.

ही बातमी वाचून माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाच्या मनांत जो प्रश्न उभा राहिला तो असा, कीं इटालियन स्वयंपाक ही वस्तु आहे तरी किती जुनी? इटलींतील डोंगर व नद्या जुन्या आहेत, रोम तर स्वतःस सनातन नगरी म्हणवितें. पण इटली हें राज्य १८६१ सालचें. मुंबई-ठाण्याच्या दरम्यान आगगाडी धांवूं लागली ती १८५३ सालीं. म्हणजे इटलीचें राज्य आपल्या आगगाडीहून आठ वर्षांनीं लहान! व्हेनिस त्यांत आलें १८६६ सालीं आणि रोम १८७० सालीं. मग जें राष्ट्रच इतकें तरुण, त्याची पाकपरंपरा पुरातन कशी असेल? आणि नसेल, तर आज जगभर मोठ्या आवडीनें खाल्लें जाणारें हें अन्न कोणीं, केव्हां व कोणत्या अवस्थेंत घडविलें?

आमच्या आजोबांच्या पिढीला हा देश परिचित झाला तो मॅझिनी व गॅरिबाल्डी यांच्यामुळें. सावरकरांनीं मॅझिनीचें आत्मचरित्र १९०७ सालीं मराठींत आणलें, सरकारनें तें जप्त केलें, आणि जप्त झाल्यामुळें तें अधिकच आवडीनें वाचलें गेलें. त्या पिढीनें इटलीच्या देशभक्तांना आपल्या घरच्या माणसांच्या पंक्तीला बसविलें. पण हे देशभक्त ज्यांच्याकरितां झुंजले ते लोक दुपारच्या वेळीं काय खात होते, हें विचारण्याचें कारण कोणाला पडलें नाहीं. दोष त्या पिढीचा नव्हे. इतिहासाच्या ग्रंथांत लढाया असतात, तह असतात, राजांचे विवाहहि असतात, जेवणें नसतात.

आणि तरीहि त्या एकीकरणाच्या ऐन धामधुमींत जेवणाचा उल्लेख एकदां आला आहे. १८६० च्या उन्हाळ्यांत गॅरिबाल्डीनें सिसिली बेट घेतलें होतें व नेपल्स अजून घ्यावयाचें होतें. पीडमाँटचा मुत्सद्दी प्रधान काव्हूर यानें त्या वेळीं एका पत्रांत अशा अर्थाचें लिहिलें, कीं संत्रीं आमच्या मेजावर आलेलीं आहेत आणि तीं आम्ही खाणारच. मॅकरोनीसाठीं मात्र थांबावें लागेल, कारण ती अजून शिजावयाची आहे. संत्रीं म्हणजे सिसिली आणि मॅकरोनी म्हणजे नेपल्स, हें त्यांतलें गुह्य. विनोद चांगला आहे, पण त्यांतून एक गोष्ट सहज कळून येते. उत्तरेकडील ह्या प्रधानाला मॅकरोनी हें आपलें अन्न वाटत नव्हतें. तें नेपल्सकरांचें, परमुलुखांतलें अन्न होतें. खुद्द काव्हूरला इटालियनपेक्षां फ्रेंच अधिक सफाईनें येत असे. राज्य एक झालें त्या वेळीं देशांतील सुमारें सव्वादोन कोटि लोकांपैकीं इटालियन भाषा बोलूं शकणारे किती होते याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. कोणी शेंकडा अडीच म्हणतात, तर कोणी फार तर दहा. बाकीचे आपापल्या प्रांताची बोली बोलत व आपापल्या प्रांताचें अन्न खात. मिलानचा भात सिसिलींत ठाऊक नव्हता, आणि व्हेनिसच्या शेतकऱ्यानें टोमॅटो घातलेल्या शेवया पाहिल्या असतील कीं नाहीं याची शंकाच आहे.

ह्या शेवयांचीच गोष्ट प्रथम घेऊं. इटालियन लोक ज्याला पास्ता म्हणतात त्यांत शेवया, नळ्या, पट्ट्या, शंख-शिंपले असे शेंकडों आकार येतात. पण मूळ क्रिया एकच, पीठ भिजवून त्याला आकार द्यावयाचा व तें ओलें किंवा वाळवून उकळावयाचें. ही विद्या मार्को पोलोनें चीनहून आणली अशी कथा जगभर पसरलेली आहे आणि आमच्या मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतहि ती डोकावते. तिला आधार नाहीं. मार्को पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ सालीं. त्याच्या सोळा वर्षें आधीं, १२७९ सालीं, जिनोआ शहरांत एका सैनिकाच्या मालमत्तेची जी यादी झाली तींत मॅकरोनीनें भरलेल्या एका पात्राची नोंद आहे. त्याच्याहि मागें जावयाचें तर ११५४ सालीं, सिसिलीच्या नॉर्मन राजाच्या आश्रयास असलेला अरब भूगोलकार अल्-इद्रिसी यानें पालेर्मोजवळच्या त्राबिया गांवीं शेवयांचा मोठा धंदा चालत असल्याचें लिहून ठेवलें आहे. तेथून गलबतें भरभरून शेवया कॅलाब्रियाला आणि मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलुखांना जात. त्यांना तो ज्या नांवानें ओळखतो तें ‘इत्रिया’ हें नांवहि अरबीच आहे. टणक दाण्याच्या, आपल्याकडील बन्शी गव्हाच्या जातीच्या गव्हाचा रवा, कोरडी हवा आणि दूरच्या सफरींत न नासणारें अन्न यांची सांगड अरबांच्या सिसिलींत पडली होती. चीनची कथा अमेरिकेंतील मॅकरोनीच्या कारखानदारांच्या एका मासिकानें १९२९ सालीं छापली आणि तेथून ती फोफावली. जाहिरातीची दंतकथा होण्यास फार काळ लागत नाहीं.

नेपल्सच्या लोकांना तरी ही मॅकरोनी जन्मजात होती काय? तेंहि नाहीं. सोळाव्या शतकांत इटलींतले इतर लोक नेपल्सकरांना ‘पालाखाऊ’ म्हणून हिणवीत. कारण त्यांचें नेहमींचें अन्न म्हणजे कोबी व इतर पालेभाज्या मांसाच्या रश्श्यांत शिजवून केलेलें कालवण. सतराव्या शतकांत स्पॅनिश अमलाखालीं शहराची वस्ती अतोनात वाढली, मांस महागलें आणि त्याच सुमारास कणीक तिंबण्याचीं व दाबून शेवया पाडण्याचीं यंत्रें सुधारून मॅकरोनी स्वस्त झाली. पालाखाऊंचे ‘मॅकरोनीखाऊ’ झाले ते असे. ज्याला आज नेपल्सचा आत्मा म्हणतात तें गरिबीनें व यंत्रानें मिळून केलेलें एक स्थित्यंतर होतें. पुढें ग्रान्यानो आणि तोर्रे आन्नुंझियाता ह्या गांवांच्या रस्त्यांवर काठ्यांवर टाकलेल्या शेवयांच्या रांगा वाळत असत. आपल्याकडे चैत्रांत अंगणांतल्या बाजेवर शेवया व कुरडया वाळत घालून आजी काठी घेऊन पाखरांवर लक्ष ठेवीत असे, तें चित्र ज्यानें लहानपणीं पाहिलें आहे त्याला ग्रान्यानोचा रस्ता परका वाटणार नाहीं. नेपल्सचा गरीब मनुष्य रस्त्यावरच्या कढईंतली ही मॅकरोनी हातानें, मान मागें टाकून, वरून तोंडांत सोडीत असे. तिजवर असे तें फक्त किसलेलें चीज. टोमॅटो अद्याप आला नव्हता.

टोमॅटो आला अमेरिकेहून, आपल्या मिरचीप्रमाणेंच. १५४८ सालीं तस्कनीच्या कोझिमो द मेदिची ह्या अधिपतीकडे टोमॅटोंची एक टोपली आली, तेव्हां सारी मंडळी तीं फळें नुसतीं पाहत राहिली. त्या फळाला ‘पोमोदोरो’, म्हणजे सोन्याचें सफरचंद, असें नांव मिळालें. पण खाण्याचा धीर लौकर कोणाला झाला नाहीं. टोमॅटोच्या रश्श्याची इटलींत छापलेली पहिली कृति सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्यें निघालेल्या एका ग्रंथांत आहे, आणि तीहि ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून. शेवया आणि टोमॅटो यांचें लग्न छापील पुस्तकांत लागतें तें थेट १८३९ सालीं, नेपल्सच्याच काव्हाल्कांती नांवाच्या सरदाराच्या पाकग्रंथांत. म्हणजे ज्या लाल रश्श्यावांचून इटालियन अन्नाची कल्पनाच कोणाला करवत नाहीं, तो त्या वेळच्या मॅझिनीहून वयानें लहान! आपणहि ह्या बाबतींत फार मोठ्यानें हंसूं नये. पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची उतरण्यापूर्वीं आपल्या आमटीला तिखटपणा मिऱ्यांनींच येत असे, आणि उपासाला चालणाऱ्या बटाट्याचें तर नांवहि पोर्तुगीज आहे.

येथवरचें वर्णन गोड आहे. परंतु ह्या देशाच्या ताटाचा दुसरा भाग पाहिल्याशिवाय त्याची गोडी खरी कळणार नाहीं असें माझें मत आहे.

अमेरिकेहून टोमॅटोबरोबर मकाहि आला, आणि तो मात्र लोकांनीं चटकन स्वीकारला. कारण त्याचें पीक भरघोस येई. उत्तरेकडील व्हेनेतो व लोंबार्दी प्रांतांतील शेतमजूर मक्याचें पीठ पाण्यांत घोटून त्याची पोलेंता करीत, ती लांकडी पाटावर ओतीत आणि थिजल्यावर दोऱ्यानें कापीत. जमीनदार गहू विकी व मजुराच्या वांट्याला मका ठेवी. सकाळीं पोलेंता, दुपारीं पोलेंता, रात्रीं पोलेंता. छपराला एखादा खारवलेला मासा टांगून त्याला पोलेंतेचा तुकडा नुसता घांसावयाचा आणि मासा खाल्ला असें समजावयाचें, अशा गोष्टी त्या भागांत सांगतात. ह्या एकसुरी अन्नांतून एक भयंकर रोग उद्भवला. प्रथम कातडी खरखरीत होऊन सोलूं लागे, मग अतिसार होई, पुढें बुद्धिभ्रंश आणि शेवटीं मृत्यु. खरखरीत कातडीवरून १७७१ सालीं मिलानच्या एका वैद्यानें त्याला ‘पेलाग्रा’ असें नांव दिलें. जर्मन कवि गटे १७८६ सालीं आल्प्स ओलांडून इटलींत उतरत असतां तिकडील स्त्रियांचे निस्तेज चेहरे पाहून त्याचा दोष मका व कुट्टू यांच्या लापशीला देतो. कवीची दृष्टि पुष्कळ वैद्यांहून तीक्ष्ण ठरली. १८८१ च्या सुमारास सरकारी गणतींतच ह्या रोगाचे एक लक्षाहून अधिक रोगी भरले. उत्तर इटलींतील वेड्यांच्या इस्पितळांत पोलेंता खाऊन वेडे झालेले शेतकरी भरलेले असत. नायसीन नांवाच्या जीवनसत्त्वाचा अभाव हें त्याचें कारण १९३७ सालीं निश्चित झालें. मेक्सिकोंतील लोक मका चुन्याच्या पाण्यांत शिजवीत व म्हणून त्यांना हा रोग होत नसे; युरोपियनांनीं धान्य आणलें, चुना आणला नाहीं.

आणि ह्याच काळांत नव्या राष्ट्रीय सरकारनें काय केलें? तिजोरींतली तूट भरून काढण्यासाठीं १८६९ सालच्या पहिल्या तारखेपासून दळणावर कर बसविला. प्रत्येक चक्कीच्या दगडाला फेरे मोजणारें यंत्र लावण्यांत आलें. जितके फेरे तितका कर. ज्या लोकांनीं तिरंगी निशाणाला हात वर करून मतें दिलीं होतीं तेच लोक चक्क्यांवर चालून गेले, सैन्यानें गोळ्या झाडल्या आणि अडीचशेंच्या वर माणसें मेलीं. हा कर पुरता उठला तो १८८४ सालीं. मिठाचा मक्ता तर सरकारकडे होताच. परकीय सरकार मिठावर कर घेतें म्हणून १९३० सालीं आपण दांडीला गेलों. स्वकीय सरकारहि भाकरीवर कर घेऊं शकतें, हें इटलीच्या शेतकऱ्याला त्यापूर्वीं साठ वर्षें कळून चुकलें होतें. १८७६ पासून १९१५ पर्यंत सुमारें १ कोटि ४० लक्ष इटालियन लोक देश सोडून गेले. कोणी ब्राझील, कोणी आर्जेंटिना, कोणी न्यूयॉर्क. ज्यांना आपल्या गांवीं मांस सणावारींहि मिळत नसे त्यांना अमेरिकेंत तें रोज मिळूं लागलें, आणि तेथें वेगवेगळ्या प्रांतांतले लोक एका गल्लींत शेजारीं राहूं लागले तेव्हां प्रथमच एकमेकांना ‘इटालियन’ म्हणून ओळखूं लागले.

अशा ह्या भुकेल्या, फुटीर व परस्परांच्या बोलीला हंसणाऱ्या देशांत १८९१ सालीं फ्लॉरेन्सच्या एका म्हाताऱ्या अविवाहित गृहस्थानें स्वतःच्या खर्चानें पाककृतींचें एक पुस्तक छापलें. त्याचें नांव पेलेग्रिनो आर्तूसी. त्याचा जन्म १८२० सालीं रोमान्या प्रांतांतील फोर्लिंपोपोली ह्या लहानशा गांवीं, एका सुखवस्तु दुकानदाराच्या घरीं झाला. १८५१ च्या जानेवारींत पासातोरे ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या दरोडेखोरानें आपल्या टोळीसह ह्या गांवावर धाड घातली. गांवांतली प्रतिष्ठित मंडळी नाट्यगृहांत खेळ पाहत बसली होती. त्यांना तेथेंच कोंडून त्यांचीं घरें एकामागून एक लुटलीं. आर्तूसीच्या घरांतहि लुटारू शिरले. त्या रात्रीच्या भीतीनें त्याच्या एका बहिणीला कायमचें वेड लागलें आणि तिला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. पुढच्या वर्षीं कुटुंबानें गांव सोडलें व तें फ्लॉरेन्सला येऊन राहिलें. तेथें रेशमाच्या व्यापारांत आर्तूसीनें पैसा मिळविला आणि उतारवयांत तो लेखनवाचनाकडे वळला. फोस्कोलो कवीचें चरित्र लिहिलें, तें कोणीं वाचलें नाहीं. जुस्ती कवीच्या पत्रांवर टीपा लिहिल्या, त्याहि कोणीं वाचल्या नाहींत. मग त्यानें स्वयंपाकाकडे मोर्चा वळविला.

ह्या पुस्तकाच्या जन्माची हकीकत त्यानेंच प्रस्तावनेंत मोठ्या खुमासदार रीतीनें सांगितली आहे. हस्तलिखित त्यानें एका विद्वान् प्राध्यापकाला दाखविलें. प्राध्यापकमहाशयांनीं गंभीरपणें अभिप्राय दिला कीं हें पुस्तक खपणार नाहीं. (आमच्या व्यवसायाची ही परंपरा मात्र निःसंशय प्राचीन व अखंड आहे.) प्रकाशक मिळेना म्हणून त्यानें पदरचे पैसे घालून एक हजार प्रती छापल्या. जन्मगांवीं धर्मादाय सोडत होती, तिच्यासाठीं दोन प्रती बक्षीस म्हणून पाठविल्या; ज्यांना त्या मिळाल्या त्यांनीं थट्टा करीत त्या तंबाखूच्या दुकानदाराला विकून टाकल्या. पण पाओलो मान्तेगाझा नांवाच्या मानववंशशास्त्रज्ञानें पुस्तकाची वाखाणणी केली. (हेच गृहस्थ १८८१-८२ सालीं हिंदुस्थानांत येऊन निलगिरीच्या तोडा लोकांत हिंडून गेले होते.) हळूहळू पुस्तक घरोघर पोंचूं लागलें. पहिल्या आवृत्तींत ४७५ कृति होत्या. आर्तूसी १९११ सालीं वारला तोंपर्यंत त्या ७९० झाल्या.

ही वाढ कशी झाली हेंच ह्या पुस्तकाचें मर्म आहे. देशभरच्या गृहिणी आर्तूसीला पत्रें लिहीत. आमच्याकडे हा पदार्थ असा करतात, तुमच्या कृतींत लोणी जास्त झालें, अमुक पदार्थ फसला, अशा तक्रारी व सूचना टपालानें येत. तो प्रत्येक कृति आपल्या घरीं करवून पाही आणि पुढच्या आवृत्तींत सुधारून घाली. नव्या राष्ट्राचें टपालखातें व आगगाडी यांनीं जें काम केलें तें संसदेंतल्या भाषणांना जमलें नव्हतें. बोलोन्याची बाई फ्लॉरेन्सच्या माणसाच्या मार्फत तुरीनच्या बाईशीं स्वयंपाकाविषयीं बोलूं लागली, आणि बोलण्यासाठीं दोघींना समजेल असे शब्द लागले. त्या काळीं पाकग्रंथ फ्रेंच शब्दांनीं भरलेले असत. आर्तूसीनें तस्कनीच्या बोलीवर आधारलेली साधी, हंसरी, घरगुती इटालियन भाषा वापरली. पिएरो काम्पोरेसी ह्या विद्वानानें १९७० सालीं ह्या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ति काढली, तींत त्यानें असें प्रतिपादिलें कीं राष्ट्रीय एकात्मतेसाठीं मान्झोनीच्या प्रसिद्ध कादंबरीपेक्षांहि ह्या पुस्तकानें अधिक कार्य केलें. विधान धाडसाचें आहे, पण मला तें पटतें. कादंबरी एकदां वाचून कपाटांत जाते, स्वयंपाकाचें पुस्तक रोज उघडतें व त्यावर तेलाचे डाग पडतात.

आर्तूसी नुसत्या कृति देत नाहीं, गोष्टी सांगतो. अनेक भाज्यांच्या ‘मिनेस्त्रोने’ ह्या सुपाच्या कृतीआधीं त्यानें एक आठवण दिली आहे. १८५५ सालीं समुद्रस्नानासाठीं तो लिव्होर्नोला गेला. इटलींत ठिकठिकाणीं पटकीची सांथ होती. संध्याकाळीं खाणावळींत त्यानें मिनेस्त्रोने घेतलें व दोमेनिची नांवाच्या गृहस्थाच्या घरीं खोली घेऊन मुक्काम केला. रात्रभर पोटांत विलक्षण कालवाकालव झाली आणि तो त्या मिनेस्त्रोनेला शिव्याशाप देत राहिला. सकाळच्या गाडीनें तो फ्लॉरेन्सला परतला, बरा झाला, आणि मग वार्ता आली कीं लिव्होर्नोंत पटकी फुटली असून पहिला बळी त्या घरमालकाचा, दोमेनिचीचाच, पडला. बिचाऱ्या सुपाचा कांहीं अपराध नव्हता! एवढें सांगून आर्तूसी शांतपणें कृतीकडे वळतो. मरण शेजारच्या खोलींत असतां जेवणाची रुचि जपणें, हा त्या लोकांचा स्वभाव ह्या एका गोष्टींत मला जितका दिसतो तितका प्रवासवर्णनांत दिसत नाहीं. दुसऱ्या एका ठिकाणीं तो म्हणतो, कीं चाळीस वर्षांपूर्वीं फ्लॉरेन्सच्या बाजारांत वांगीं व बडिशेपेचे कांदे क्वचितच दिसत, कारण तें यहुद्यांचें हलकें अन्न समजत. आणि लगेच पुस्ती जोडतो कीं ह्या बाबतींत यहुद्यांचें नाक ख्रिस्त्यांपेक्षां चांगलें ठरलें.

पण ह्या पुस्तकाचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. त्याची इटली म्हणजे मुख्यतः तस्कनी व रोमान्या. नेपल्स व सिसिली यांना तींत कोपऱ्यांतली जागा आहे, आणि त्यांच्याहि पलीकडच्या प्रांतांना तीहि नाहीं. पुस्तक होतें तें लोणी, अंडीं व मांस परवडणाऱ्या मध्यमवर्गासाठीं. पेलाग्रानें वेडा झालेला मजूर त्याच्या पानांत कोठें भेटत नाहीं. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, कीं चुलीपाशीं तो स्वतः फारसा नव्हताच. कृति करून पाहणारे हात दोन नोकरांचे होते: त्याच्याच गांवचा आचारी फ्रान्चेस्को रुफिल्ली आणि तस्कनीची मारिएत्ता साबातिनी. नांव मुखपृष्ठावर एकाचें; श्रम तिघांचे, आणि पत्रें लिहिणाऱ्या असंख्य बायकांचे.

ह्याच पुस्तकाच्या अखेरीस वर्षाच्या बाराहि महिन्यांच्या व मुख्य सणांच्या जेवणांच्या याद्या आहेत. त्या वाचतांना एक लक्षांत येतें, कीं त्या देशांत अन्नाचा खरा मालक पंचांग आहे. शुक्रवारीं मांस वर्ज्य, म्हणून मासे किंवा कडधान्य. नाताळच्या आदल्या रात्रींहि निर्मांस जेवण, पण तें असें कीं उपासापेक्षां मेजवानीच अधिक वाटावी. (एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण तिकडे समजावून सांगावी लागणार नाहीं.) नेपल्समध्यें त्या रात्रीं मोठी वाम आणावयाची, रोमान्यांत दुसऱ्या दिवशीं सारण भरलेल्या लहान टोप्यांच्या आकाराचा पास्ता कोंबड्याच्या रश्श्यांत उकळावयाचा, आणि कोणीं किती खाल्ले याची पैज लावावयाची. नववर्षाच्या रात्रीं मसूर खातात, कारण त्याचे दाणे नाण्यांसारखे दिसतात. रोममध्यें गुरुवार बटाट्याच्या गोळ्यांचा. पाव उलटा ठेवणें अशुभ. भाकरीबरोबर खाण्याच्या साऱ्या वस्तूंना, मग तें चीज असो कीं मांस, त्यांच्याकडे ‘कोंपानातिको’ असा एकच शब्द आहे; म्हणजे पावाच्या जोडीचें. आपलें ‘कोरड्यास’ व ‘तोंडीं लावणें’ हे शब्द ज्या मनांतून निघाले त्याच मनांतून हाहि निघाला. मुख्य अन्न भाकरी. इतर सारें तिच्या सोबतीला. असा शब्द भरल्या घरांत जन्मत नाहीं.

१९२२ नंतरच्या फॅसिस्ट राजवटीनें ह्या ताटांतहि हात घातला. १९२५ सालीं मुसोलिनीनें ‘गव्हाची लढाई’ पुकारली. १९३० च्या डिसेंबरांत मारिनेत्ती ह्या कवीनें पास्त्यामुळें राष्ट्र सुस्त होतें असा जाहीरनामा काढून त्यावर बहिष्कार घालावयास सांगितलें. लोकांनीं तो वाचला, हंसले आणि पाणी उकळावयास ठेवलें. युद्धानें मात्र तें पाणीहि थंड केलें. १९४३ च्या सप्टेंबरांत इटलीनें शस्त्रें खालीं ठेवलीं तेव्हां तेथील छावण्यांतून सुटलेल्या हिंदी युद्धकैद्यांना डोंगराळ खेड्यांतल्या शेतकऱ्यांनीं आसरा दिला, आणि जी भाकरी त्यांनाच पुरत नव्हती तिच्यांत वांटेकरी घेतले. फोर्लिंपोपोलीच्या वायव्येस, त्याच रोमान्या प्रांतांतून, सेनिओ नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजीं त्या नदीच्या कांठीं मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनीं गोळीबारांतून जखमी सोबत्यांना पाठीवर वाहून आणलें व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्याआधीं, १० जुलै १९४४ रोजीं, टायबरच्या वरच्या खोऱ्यांत यशवंत घाडगे तोच मान मिळवून धारातीर्थीं पडले होते. आजोबांनीं पुस्तकांत पाहिलेल्या मॅझिनीच्या देशाची माती नातवांच्या हाताला लागली ती अशी.

युद्ध संपल्यावरहि भूक लगेच गेली नाहीं. १९५१ नंतर इटलीच्या संसदेनें दारिद्र्याची जी चौकशी केली तींत लक्षावधि कुटुंबांच्या ताटांत मांस व साखर येतच नाहीं असें आढळलें. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत कारखाने वाढले, पगार वाढले, आणि जें अन्न पूर्वीं सणाला किंवा श्रीमंतालाच मिळे तें रोजचें झालें. आज ज्याला रोमचा पुरातन पदार्थ म्हणतात त्या कार्बोनाराची इटलींत छापलेली पहिली कृति १९५४ सालची आहे. तो अमेरिकन सैनिकांच्या शिध्यांतल्या अंड्यांतून व डुकराच्या खारवलेल्या मांसांतून निघाला असा अभ्यासकांचा तर्क आहे. तिरामिसू त्याहूनहि अलीकडचा. चाबात्ता पाव १९८२ सालचा. पार्मा विद्यापीठांतील एका प्राध्यापकानें ह्या गोष्टी अलीकडे उघडपणें सांगितल्या तेव्हां तेथें मोठा गदारोळ झाला व त्याला देशद्रोही ठरविण्यापर्यंत मजल गेली. मला त्या प्राध्यापकाचें म्हणणें बहुतांशीं बरोबर वाटतें. परंतु रागावलेल्या लोकांचें दुःखहि मला समजतें. ज्यांच्या पणजोबांनीं पोलेंतेशिवाय कांहीं पाहिलें नाहीं त्यांना आजीच्या हातचें रविवारचें जेवण हाच आपला वारसा वाटतो, आणि तो केवळ सत्तर वर्षांचा आहे असें सांगितलें तर आपली आजीच कोणीं हिरावून घेतली असें त्यांना वाटतें. आजी खरी असते. तिचें वय तेवढें आपण वाढवून सांगतों.

आर्तूसीनें मरतांना आपली बहुतेक संपत्ति जन्मगांवाला दिली. ज्या गांवानें त्याचें पुस्तक तंबाखूवाल्याला विकलें त्याच गांवाला. पुस्तकाचे हक्क मात्र त्यानें रुफिल्ली व मारिएत्ता यांच्या नांवें लिहून दिले. पुस्तकांत एक गोड पाव आहे, मिलानच्या प्रसिद्ध पावापेक्षां हा सरस असें सांगून त्याला त्यानें मारिएत्तेचें नांव दिलें आहे. फोर्लिंपोपोलींत २००७ सालीं त्याच्या नांवानें पाककलेचें एक केंद्र उघडलें. तेथें येणाऱ्यांना गांवांतल्या स्त्रिया लांकडी पाटावर अंड्यांत कणीक मळावयास व लांब लाटण्यानें ती कागदासारखी पातळ लाटावयास शिकवितात. ह्या स्त्रियांना तेथें ‘मारिएत्ता’ म्हणतात.